नवस त्यांचा, पाठ आपली

कल्याण, ९ मार्च

दादा, जय भीम.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. शेजारच्या कादंबरीचा नवरा बुधवारी मस्कतला परततोय, त्याच्या हाती हे पाकीट देतेय. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

जुनं भांडण उकरायला लिहीत नाहीये. तुझ्या मुलाबद्दल, सम्यकबद्दल लिहितेय.

मागच्या रविवारी भोकरलीहून काही माणसं डोंबिवलीला तुझ्या घरी आलेली. हो, आपल्याच भोकरलीहून. रचनावहिनी एकटीच होती. त्यांनी ताट पुढे केलं: नारळ, शेला, विडा. या चैत्री पौर्णिमेला गावदेवीच्या जत्रेत बगाड पुन्हा उभं करणार आहेत, म्हणे. आणि बगाडावर चढायचा मान आपल्या घराण्याचा. वहिनीने त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर मला फोन केला. तिला काही सुचत नव्हतं.

तू गावाचं सगळं विसरायचं ठरवलंयस, म्हणून आठवण करून देते. उंच खांब, त्यावर फिरतं आडवं लाकूड, लाकडाच्या टोकाला माणूस, पाठीच्या मांसात लोखंडाचे दोन गळ अडकवून टांगलेला. खालचे लोक दोर धरून लाकूड फिरवायचे. इंग्रजांच्या काळात ते बंद पडलं. आता गळ नाहीत. वर चढवायला क्रेन आहे, पट्टे आहेत, हेल्मेटसुद्धा आहे म्हणतात.

सम्यक जिममधून आला, ताट बघितलं, शेला गळ्यात टाकून सेल्फी काढला. त्याने हो सांगितलंय.

यामागे आर्यन आहे, पाटलांचा मुलगा. दोघं एकाच टीममध्ये क्रिकेट खेळतात. मुलगा वाईट नाही, वहिनीला अडीअडचणीला तोच बाइकवर घेऊन जातो. त्याला इंटरनेटवर एक जुनं विलायती छापचित्र सापडलं, त्यावरून हे सगळं सुरू झालं. शीळफाट्याला त्या चित्राचा भलामोठा फ्लेक्स लागलाय. मी मुद्दाम जाऊन बघून आले. डावीकडे झालरीच्या छताखाली गावची बडी माणसं बसलीत, एकजण हुक्का ओढतोय. मध्ये खांब. वर, आभाळात, माणूस. खाली लिहिलंय, 'परंपरा दोनशे वर्षांची, चित्रच साक्षी आहे!' त्या वरच्या माणसाच्या तोंडावर सम्यकचा फोटो चिकटवलाय. हसरा.

मी तिथे उभी राहून किती वेळ बघत होते कोण जाणे. एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, रस्ता सोडा."

तू बाप आहेस. तुला माहीत असावं, एवढंच. बाकी सगळं ठीक. सम्यक माझ्याकडे येत-जात असतो.

दर्शना


कल्याण, १७ मार्च

दादा,

पाकीट पोचलं म्हणायचं. कारण तू सम्यकला फोन केलास. बरं केलंस, पण ओरडायला नको होतंस. "गावात पाय ठेवलास तर घरात पाय ठेवू नको" असं परदेशात बसून सांगितलंस, तर पोरगा काय करणार? कपडे भरून तो आर्यनकडे राहायला गेला. आता वहिनी माझ्याकडे झोपायला येते. मी तुला लिहिलं हे तिला कळलंय. रागावली नाही. म्हणाली, "मीच लिहायला हवं होतं."

आणि सम्यक माझ्याकडे येतो हे मी खोटं लिहिलेलं. फ्लेक्स बघून आले त्याच संध्याकाळी आमची जुंपली. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगते, कारण त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं.

"आत्या, आयुष्यभर तुम्ही सांगितलंत की गावाने आपल्याला बाहेर ठेवलं. आज तेच गाव दारात येतंय, पुढे या म्हणतंय, तर तू म्हणतेस जाऊ नको. मग आपण नक्की जायचं तरी कुठे?"

मी म्हटलं, "पुढे नाही रे, वर बोलावतायत. टांगायला."

"हार्नेस आहे यार! जत्रेतल्या पाळण्यात नाही का बसत लोक?"

मग मी त्याला रंगूबाईचं सांगितलं. बाबांनी तुलाही सांगितलेलं, माझ्यासमोर. रंगूबाई म्हणजे बाबांची आजी. ती सासऱ्याला आंघोळ घालायची तेव्हा त्या म्हाताऱ्याच्या पाठीत दोन खळगे होते, आणि त्यांत पाणी साचायचं. फडक्याने टिपून काढावं लागायचं. पाटलाच्या घरी मूल जगत नव्हतं, म्हणून नवस बोललेला. नवस त्यांचा, पाठ आपली. म्हातारा गळावरून उतरल्यावर त्याला काय मिळालं, असं बाबांनी आजीला विचारलं, तर ती म्हणालेली, "ताप."

सम्यकने शेवटपर्यंत ऐकलं. वाटलं, समजला. मग म्हणाला, "म्हणजे खरंच आपलाच मान होता तर." आणि उठून गेला.

काल मी भोकरलीला गेले. एकटी. अंगणात पाटील बसलेले, आर्यनचे वडील. त्यांनी नीट वागवलं, ते कबूल करते. खुर्ची दिली, सरबत दिलं. बायकोने विचारपूस केली. मी सरळ विचारलं, "पाटील, हा मान मोठा आहे ना?"

"सगळ्यांत मोठा, बाई. देवीच्या जवळ जाणारा माणूस तो."

"मग यंदा तुम्ही घ्या. आर्यनला बसवा. आम्ही छताखाली बसतो, तुमच्या जागेवर."

त्यांनी हसण्यावारी नेलं. मी हसले नाही. मग म्हणाले, "तसं नसतं हो बाई. ज्याची जागा त्याला. चित्रात बघा ना, आमची माणसं कुठे बसलीत."

दादा, मी गेली वीस वर्षं मुलांना छापचित्रकला शिकवतेय. चित्र एवढं कामाला येतं हे मला त्या अंगणात कळलं. मी त्यांना सांगितलं, हे मूळ चित्र मी मुलांना घेऊन संग्रहालयात जवळून पाहिलंय. कुणा प्रवाशाने घाईत रेघोट्या ओढलेल्या, त्यावरून लंडनच्या एका कारागिराने पोलादी पत्र्यावर ते कोरलं. तो इथे कधी आला नाही. त्याने माडाला खजुराची पानं लावलीत. वरच्या माणसाला ग्रीक पुतळ्याचं अंग दिलंय. गळ कुठे रुतलेत ते कापडाआड झाकलंय, कारण विलायतेतल्या बायका चहा पिताना ते पुस्तक चाळणार होत्या. खाली इंग्रजीत छापलंय, 'कल्याणजवळचा एक विधी: धर्मवेडा भक्त आपखुशीने छळ सोसताना.' गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. आपखुशीने! ती ओळ तुमच्या आर्यनने कापली आणि खाली 'मान' लिहिलं. साहेबाने त्याला वेडा ठरवलं, तुम्ही मानकरी. टांगला कुणी, ते दोघांनीही लिहिलं नाही.

पाटील म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. पण गाव चित्र बघतं, भाषण ऐकत नाही."

बरोबर बोलले. भाषण पुरे. मी कोरायला लाकूड आणलंय.

दर्शना


डोंबिवली, ३० मार्च

दादा,

तुझा मेसेज वहिनीने वाचून दाखवला. "दर्शनाला सांग, आता पुन्हा कुणाला उघडं करून भिंतीवर टांगू नको." म्हणजे दोन वर्षं झाली तरी तुझा राग तोच आहे.

तर एकदा ऐकच. प्रदर्शनात लावलेलं बाबांचं ते चित्र मी त्यांच्या मागे काढलेलं नाही. एमआयडीसीतून आल्यावर ते नळाखाली बसायचे, रंगाची पिंपं धुवून पाठीपर्यंत लाल झालेले. मी विचारलं, काढू? ते म्हणाले, "काढ. पण हात नीट काढ, मागच्या वेळी बोटं चुकलेली." तीन संध्याकाळी बसले ते माझ्यासमोर. प्रदर्शनाच्या वेळी ते हयात नव्हते, म्हणून तुला वाटलं मी त्यांची लाज विकली. दादा, लाज कुणाला वाटायला हवी होती? त्यांना हातमोजे न देणाऱ्याला, की चित्र काढणाऱ्या मुलीला? तू उत्तर द्यायच्या आधीच निघून गेलास.

असो. हे परवानगीसाठी लिहीत नाहीये. मी काय करतेय ते तुला कळवतेय.

इथल्या एका बंद गाळ्यात प्राचीची कार्यशाळा आहे, माझी जुनी विद्यार्थिनी. दारामागे प्लायवूड उभं केलं, दरवाज्याएवढं. आधी मी उलटं चित्र आखलं: छताखाली आपली माणसं, वर पाटील. दोन दिवस कोरलं. मग लांब उभी राहून बघितलं, तर तेच चित्र. तोच खांब, तेच छत, फक्त तोंडं बदललेली. सूड घेतल्यासारखं वाटलं आणि बघून बरंही वाटलं, म्हणून ताबडतोब तो फळा रंध्याखाली घातला.

मग फक्त पाठ कोरली. म्हाताऱ्याची, खाली वाकून बसलेली, मान पुढे गेलेली. खळगे दोन. आणि एक बाईचा हात, फडकं धरलेला. छत नाही, खांब नाही, गर्दी नाही. नखाएवढ्या पटाशीने कातडीच्या सुरकुत्या काढता काढता माझी बोटं वळेनाशी झाली. वहिनी रोज ऑफिस सुटल्यावर यायची, डबा उघडायची, बघत बसायची. एकदा म्हणाली, "खांदा ह्यांच्यासारखा आलाय." तुझ्यासारखा, म्हणजे. मी बघितलं. आलाय खरा.

काल छापलं. एवढा मोठा ठसा आमच्या यंत्रात मावत नाही. अशा वेळी आम्ही काय करतो, शाई लावलेल्या लाकडावर कापड पसरतो आणि अनवाणी उभं राहून तुडवतो. प्राचीने चपला काढल्या, माझ्याही काढून झाल्या. तर वहिनी मध्ये आली.

"पाय नाही द्यायचा."

"वहिनी, अगं लाकूड आहे ते."

"असू दे. पाठीवर पाय नाही द्यायचा."

मग हातांनी केलं. स्टीलचे डाव घेतले, चमचे घेतले, आणि तिघी गुडघ्यांवर बसून कापड घासत राहिलो. मानेपासून कमरेपर्यंत. दुपार गेली. बायका म्हाताऱ्याला न्हाऊ घालतायत असंच दिसत असणार, कारण सम्यक दारात उभा होता आणि कधीपासून ते आम्हाला कळलंच नाही.

वहिनीने त्याला चार्जर घ्यायला ये सांगितलेलं. चार्जर गाळ्यात कशाला असेल, तूच सांग. तुझी बायको हुशार आहे.

आम्ही कापड उचललं, दोरीवर टाकलं. तो जवळ आला. काळ्या पाठीवर ते दोन पांढरे खळगे. एका खळग्याच्या कडेवर त्याने अंगठा टेकवला, शाई ओली होती, अंगठा उमटला. "सॉरी," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. तो चार्जर न घेताच गेला.

जत्रेत काय करणार आहे ते सांगितलं नाही. वहिनीने विचारलंही नाही. मी कापड घेऊन जत्रेला जाणार. लोकांनी हाकललं तर हाकलू दे.

दर्शना


कल्याण, १५ एप्रिल

दादा,

तुला बातमी कुठून तरी अर्धी कळली असेल. व्हिडिओ फिरतोय, त्यात आवाज नाही. म्हणून सगळं सांगते.

पौर्णिमेला मी, वहिनी आणि प्राची भोकरलीला गेलो. दोन बांबूंना कापड बांधलेलं. देवळासमोरच्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिलो. घोषणा नाही, फलक नाही. लोक येऊन बघायचे. एका आजीबाईने विचारलं, "यो कोण?" वहिनी म्हणाली, "तुमच्या गावचाच. बगाडावरून उतरल्यावरचा." आजीबाई बराच वेळ उभी राहिली. मंडळाचा एक पोरगा आला, "हे बंद करा" म्हणाला, पण कापडावर नुसती पाठ आहे, त्यावर आक्षेप काय घ्यायचा ते त्याला कळेना. तो गेला.

पाटील मंडळी छताखाली बसलेली. खरंच छत घातलेलं, झालरीचं, चित्रातल्यासारखं. ढोल सुरू होते. सम्यक आला. पांढरं धोतर, शेला, कपाळाला गुलाल. मला वाटलं, हरलो आपण.

क्रेनखाली पोचल्यावर त्याने माइक मागितला. तुझा मुलगा शाळेत स्टेजवर रडायचा, आठवतं? या वेळी बोलला. "मला मान दिलात, मी घेतो. पण एकट्याने नाही. आर्यन माझा मित्र आहे. आधी आर्यन बसेल. त्याच्यानंतर मी."

ढोल थांबले. आर्यनला आधीपासून माहीत होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही. पण तो छताखालून उठला, आला आणि पट्टे बांधायला लागला. पाटील ओरडले, "आर्यन! मागे फिर!"

"पप्पा, मान आहे ना? तुम्हीच म्हणालेलात, सगळ्यांत मोठा."

"तो आपला नाही!"

"मग कुणाचा? का?"

पाटलांनी गर्दीकडे बघितलं. तेवढ्यात त्यांची आई उठली. ऐंशीच्या पुढची बाई, छताखाली पहिल्या खुर्चीत बसलेली. ती धावलीच. क्रेनच्या लोखंडाला दोन्ही हातांनी धरलं आणि किंचाळली, "माझा नातू नाय टांगाचा! कुनाचं पन पोर टांगा, माझा नाय!"

माइक चालू होता, दादा. अख्ख्या मैदानाने ऐकलं.

म्हातारीलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ती हळूहळू खाली बसली. मग माझ्या शेजारून आवाज आला. वहिनीचा. ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात बोलली, पण पोचलं सगळ्यांना. "आजी, माझाही एकच आहे."

म्हातारीने वळून बघितलं. वहिनीकडे, मग कापडाकडे. आणि म्हणाली, "नका टांगू रं. दोघांना पन."

पाटलांनी काहीच केलं नाही. क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. शेवटी गुरवाने बगाडाला नारळाचं तोरण बांधलं, लोकांनी दोर धरला आणि लाकूड फिरवलं, रिकामं. गुलाल उडाला, ढोल वाजले, पोरं नाचली. जत्रा काही कमी झाली नाही, मी नीट बघत होते. सम्यक आणि आर्यन पण दोर ओढायला लागलेले. मी आणि वहिनीनेही हात लावला. कुणी अडवलं नाही. कुणी ये पण म्हणालं नाही.

सगळे खूश आहेत असं समजू नको. मंडळातल्या काहींनी आर्यनशी बोलणं टाकलंय. एका पाहुण्याने माझ्या अंगावर येऊन "देवीचा कोप होईल" असं सांगितलं, आणि आपल्याच वस्तीतल्या दोघांनी मला ऐकवलं की असल्या जत्रेत आपण दोराला तरी का हात लावायचा. त्यांचंही मला पटतं. या आठवड्यात वाद घालणार आहे त्यांच्याशी.

येताना शीळफाट्याला बघितलं, फ्लेक्स अजून तिथेच आहे. सम्यकचा चेहरा मात्र कुणीतरी चौकोनी कापून काढलाय.

काल जयंतीला कापड विहारात लावलं. तुझ्या मेसेजनंतरही लावलं. खाली ओळ मी लिहिली नाही, सम्यकने लिहिली: 'रंगूबाईचे सासरे. गाव भोकरली. नवस यांचा नव्हता.' नाव आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तेवढंच. लोक ओळ वाचायचे आणि पुन्हा वर बघायचे. तू म्हणतोस ते उघडं करणं हेच असेल, तर मी करत राहणार. तू ब्लॉक काढलास तर बोलून करीन, नाहीतर न बोलता. सम्यक घरी आलाय. त्याला तुला फोन करायचाय, पण आधी तू करावास असं त्याला वाटतं. तुझ्यावर गेलाय.

आणि आज सकाळी पाटलांचा फोन आला. आवाज पडलेला. पुढच्या वर्षीच्या जत्रेसाठी गावकीची बैठक ठेवलीय, बगाडाचं काय करायचं ते ठरवायला. म्हणाले, "आईचं म्हणणं आहे, तुम्हाला बोलवावं." नारळ नाही, शेला नाही, साधा फोन. मी येते म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमची खुर्ची कुठे मांडू?"

मी म्हटलं, "मांडू नका. मी आले की बघते."

दर्शना